मेजर आर्मस्ट्राँग आणि नभोवाणीचा निर्मळ आवाज

वैशाखाच्या अखेरीस आभाळ भरून यावें, क्षितिजावर वीज लवूं लागावी, आणि नेमकी त्याच वेळीं रेडिओवरील गाण्यांत कडकड आणि खरखर मिसळावी, हा अनुभव आपल्याकडील शहरी कुटुंबांना एके काळीं नित्याचा होता. पावसाचा पहिला थेंब अंगणांत पडण्यापूर्वीं त्याची वर्दी रेडिओच देत असे! गवई समेवर येण्याच्या बेतांत असावा आणि आकाशांतील विजेनें मधेंच आपला ताल धरावा, हें दुःख ज्यांनीं सोसलें आहे, त्यांना एफ्. एम्. केंद्रावरील निर्मळ आवाजाचें मोल निराळें सांगावयास नको. ही खरखर ज्या पुरुषानें हटविली त्याचें नांव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. नभोवाणीच्या शास्त्रांतील आणखीही तीन मोठे शोध त्याच्या नांवाशीं निगडित आहेत. असें असूनही मार्कोनीचें नांव शाळकरी मुलाला ठाऊक असतें आणि आर्मस्ट्राँगचें नांव चांगल्या शिकलेल्या घरांतही क्वचितच निघतें. या विस्मृतीचीं कारणें त्याच्या चरित्रांतच सांपडतात. तीं कांहीं अंशीं जगाच्या अन्यायांत आहेत, आणि कांहीं अंशीं त्याच्या स्वतःच्या स्वभावांत.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेचे अमेरिकेंतील प्रतिनिधि, आई पूर्वाश्रमीची शिक्षिका. घरांत पुस्तकांना तोटा नव्हता. लहानपणींच त्याला अंगाला आपोआप झटके येण्याचा विकार जडला. त्यापायीं दोन वर्षें शाळा सुटली आणि खांदा व मान उडविण्याची खोड जन्मभर मागें लागली. पुढें हें कुटुंब शहराच्या उत्तरेस हडसन नदीच्या कांठीं याँकर्स येथें राहावयास गेलें. एकटें राहण्याची संवय झालेल्या या मुलानें माडीवरील खोलींत तारा, वेटोळीं आणि कांचेच्या नळ्या यांचा संसार मांडला. चौदाव्या वर्षीं मार्कोनीची हकीकत वाचून त्यानें आपण संशोधक व्हावयाचें असें ठरविलें, आणि मग दुसरा विचार म्हणून केला नाहीं. घरामागील मोकळ्या जागेंत त्यानें १२५ फूट उंचीचा एरियलचा खांब स्वतःच्या हातांनीं उभा केला. त्या खांबावर दोरीच्या पाळण्यांत बसून तो खुशाल वर जाई, आणि खालीं शेजाऱ्यांचे जीव टांगणीला लागत.

याच घरांतून मोटार-सायकलवर बसून तो रोज कोलंबिया विद्यापीठांत जात असे. तेथें मायकेल प्यूपिन हे विद्युत्-शास्त्राचे नामांकित अध्यापक होते. गुरूच्या म्हणण्याला नुसती मान डोलावणाऱ्यांपैकीं हा विद्यार्थी नव्हता. पुस्तकांत छापलें आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानण्याची त्याची तयारी नसे.

त्या काळीं बिनतारी संदेशाच्या क्षेत्रांत एका चमत्कारिक नळीचा बोलबाला होता. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानें १९०६ सालीं ती तयार केली. कांचेच्या नळींत एक तापणारी तार, तिच्यासमोर धातूचा पत्रा, आणि दोहोंच्या मधें तारेची एक जाळी अशी तिची रचना. जाळीवर बाहेरून आलेली क्षीण लहर पडली कीं पत्र्याच्या बाजूचा प्रवाह तिच्याबरहुकूम कमी-जास्त होई. आपण पुढें ज्याला व्हॉल्व्ह म्हणूं लागलों त्याचा हा मूळपुरुष. परंतु ही नळी कशामुळें काम करते, याची नीट उपपत्ति खुद्द डी फॉरेस्टलाही देतां येत नव्हती. मूल जन्मलें होतें. त्याची कुंडली कोणी मांडली नव्हती. आर्मस्ट्राँगनें निरनिराळ्या प्रवाहांचीं मापें चिकाटीनें घेतलीं, आणि त्याच्या ध्यानांत आलें कीं, पत्र्याच्या बाजूलाही मूळ लहरीच्या कंपनांचा प्रवाह वावरत असतो. मग हाच वाढलेला प्रवाह पुन्हां जाळीकडे वळविला तर?

ओटीवरचा झोपाळा हलका रेटा दिला तरी हलतो. पण प्रत्येक झोक्याला नेमक्या क्षणीं पायाचा रेटा मिळत गेला, तर तोच झोपाळा आढ्यापर्यंत जातो. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्रीं याँकर्सच्या त्या माडीवर असेंच घडलें. जे संदेश कानाला यंत्र लावूनही मुष्किलीनें ऐकूं येत, ते आतां यंत्र मेजावर ठेवलें तरी खोलीभर ऐकूं येऊं लागले. पुढील कांहीं महिन्यांत आयर्लंडमधील क्लिफ्डनचे आणि हवाई बेटांतील होनोलुलूचे संदेश त्याला घरबसल्या मिळूं लागले. रेटा आणखी वाढवितांच नळींतून शीळ निघे. दुसरा कोणी असता तर ही शीळ बंद कशी करावी याच्या खटपटीला लागला असता. आर्मस्ट्राँगनें ओळखलें कीं, नळी आतां नुसती ऐकत नसून स्वतःच लहरी उत्पन्न करीत आहे. ग्रहण करणारें आणि प्रक्षेपण करणारें, दोन्ही यंत्रें एकाच नळींत सांपडलीं!

शोध लागला, पण पेटंटासाठीं पैसे कोठून आणावयाचे? वडिलांनीं बजावलें, आधीं पदवी घे, मग पेटंट. हा सल्ला कोणत्याही मध्यमवर्गीय घरांत मिळाला असता, आणि तो वावगाही नव्हता; परंतु त्याची किंमत पुढें फार मोठी द्यावी लागली. अखेर मामांनीं युक्ति सुचविल्यावरून ३१ जानेवारी १९१३ रोजीं त्यानें आपल्या जुळणीची आकृति काढून ती सरकारमान्य साक्षीदारासमोर सही-शिक्क्यानिशीं नोंदवून ठेवली. पदवी हातीं आल्यावर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अर्ज गेला, आणि ६ ऑक्टोबर १९१४ रोजीं पेटंट मिळालें. त्याचा क्रमांक १११३१४९. हा क्रमांक लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

मधल्या काळांत, १९१४ च्या जानेवारीच्या अखेरीस, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील बेलमार येथें कडाक्याच्या थंडींत त्यानें आपलें यंत्र मार्कोनी कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याला रात्रभर ऐकविलें. त्या तरुणाचें नांव डेव्हिड सार्नॉफ. तो रशियांतून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबांतला. तारेच्या कचेरींतील पोऱ्या म्हणून आरंभ करून वर चढलेला. त्या रात्रीं दोघांची मैत्री जमली. चाळीस वर्षांनीं, बरोबर त्याच तिथीला, या कथेचा शेवट व्हावयाचा होता.

पहिल्या महायुद्धांत आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या संदेशवाहक दलांत अधिकारी म्हणून पॅरिसला गेला आणि तेथून 'मेजर' ही पदवी घेऊन आला. याच मुक्कामांत, १९१८ सालीं, त्याला दुसरा मोठा शोध लागला. तो समजण्यास तंबोऱ्याचें उदाहरण बरें. जोडाच्या दोन तारा अगदीं थोड्या फरकानें बेसूर असल्या म्हणजे दोहोंच्या नादांतून एक तिसरें, संथ आंदोलन कानाला जाणवतें. तंबोरा लावणाऱ्याला तें चांगलें परिचयाचें असतें. अतिशय जलद कंप पावणारी लहर वाढविणें त्या काळच्या नळ्यांना झेपत नसे. आर्मस्ट्राँगनें ग्राहकयंत्रांतच एक दुसरी लहर निर्माण करून ती बाहेरून आलेल्या लहरींत मिसळली. त्यांतून जें संथ आंदोलन निघालें, तें हवें तितकें वाढवितां आलें. कोणतेंही केंद्र लावा, यंत्राच्या पोटांत त्याचें रूपांतर एकाच ठराविक कंपसंख्येंत होतें. यालाच सुपर-हेटरोडाइन म्हणतात. पुढें आपल्या घरांत फळीवर विराजमान झालेला जवळजवळ प्रत्येक रेडिओ याच तत्त्वावर चालत असे. न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, फ्रान्समधील लुसियाँ लेव्ही यानें अशाच कल्पनेचें पेटंट १९१७ मध्येंच मागितलें होतें, आणि या शोधांतील पुष्कळसा हक्क पुढें अमेरिकेंतही त्याच्या बाजूला गेला.

पैसा मात्र आतां धो-धो येऊं लागला. वेस्टिंगहाउस कंपनीनें १९२० मध्यें पहिल्या दोन शोधांबद्दल ३,३५,००० डॉलर मोजले. तिसऱ्या शोधाबद्दल १९२२ मध्यें रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या बलाढ्य कंपनीनें दोन लाख डॉलर आणि साठ हजार भाग दिले. सार्नॉफ आतां याच कंपनींत अधिकारावर होता, आणि माडीवरचा आर्मस्ट्राँग त्या कंपनीचा सर्वांत मोठा खाजगी भागीदार बनला. सार्नॉफची चिटणीस मॅरियन मॅकिनिस हिच्यावर त्याचें मन जडलें. १९२३ सालीं कंपनीचा एरियलचा मनोरा एका उंच इमारतीच्या माथ्यावर उभा राहिला, तेव्हां हे बत्तीस वर्षांचे लक्षाधीश थेट त्याच्या शेंड्यावर चढून उभे राहिले, आणि त्याचीं छायाचित्रेंही काढवून घेतलीं! सार्नॉफनें संतापून त्याला इमारतींत येण्याची बंदी केली. त्याच वर्षीं डिसेंबरांत लग्न झालें. वधूला मिळालेल्या भेटींत नवऱ्यानें स्वतः बनविलेला, हातांत धरून नेतां येईल असा रेडिओ होता. सुपर-हेटरोडाइन जातीचें तसें यंत्र जगांत त्यापूर्वीं झालें नव्हतें.

वरवर पाहतां सर्व सुखाचें होतें. परंतु पहिल्या शोधाचा खटला आंतून पोखरीत होता. डी फॉरेस्टचें म्हणणें असें कीं, ६ ऑगस्ट १९१२ रोजीं, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या आधीं, त्याच्या सहाय्यकाच्या वहींत अशाच जुळणीची नोंद झालेली आहे. नोंद खरी होती. टेलिफोनचा आवाज वाढविण्याचे प्रयोग चालले असतां नळींतून शीळ निघाली, एवढें त्या वहीवरून दिसे. त्या शिळेचा अर्थ त्या वेळीं त्या मंडळींना कळला होता काय, हा खरा प्रश्न. आणि त्यानंतर दीड-दोन वर्षें त्यांनीं तिचा कांहींच उपयोग केला नाहीं, ही गोष्ट बोलकी आहे. १९२२ मध्यें न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें आर्मस्ट्राँगच्या बाजूनें निकाल दिला. डी फॉरेस्टची कंपनी डबघाईला आली होती. खटल्याचा खर्च माफ केला असता तर प्रकरण तेथेंच कायमचें मिटलें असतें. वकिलांनीं परोपरीनें विनविलें. आर्मस्ट्राँगनें साफ नाकारलें. ज्यानें आपल्यावर लबाडीचा आरोप केला त्यानें खर्चासह हार कबूल केली पाहिजे, असा त्याचा बाणा. इतकेंच नव्हे, तर सांगतात कीं, आपल्या उंच खांबावर त्यानें पेटंटाचा क्रमांक लिहिलेलें निशाण लावलें, आणि तें थोड्या अंतरावर राहणाऱ्या डी फॉरेस्टच्या घरांतून दिसत असे.

हें निशाण त्यानें उभारलें नसतें तर बरें झालें असतें. अंतिम हुकूम लोंबकळत राहिला. तेवढ्या अवधींत प्रतिपक्ष दुसऱ्या दरवाजानें आंत शिरला, आणि १९२४ मध्यें वॉशिंग्टनच्या न्यायालयानें डी फॉरेस्टला अग्रहक्क दिला. १९२८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तोच निर्णय कायम केला. १९३४ च्या मे महिन्यांत, न्यायमूर्ति कार्डोझो यांच्या निकालपत्रानें, शेवटची आशाही संपली. वीस वर्षांच्या भांडणांतून निष्पन्न काय, तर कोणती तारीख आधीची. कोणाला काय समजलें होतें, हा प्रश्न कायद्यानें बाजूला ठेवला. डी फॉरेस्टला अगदींच चोर ठरविणेंही बरोबर नाहीं. मूळ नळी त्याचीच होती, आणि तिच्यावांचून आर्मस्ट्राँगच्या हातीं कांहींच नव्हतें. पण जाणत्यांचा कौल निराळा पडला. रेडिओ-अभियंत्यांच्या संस्थेनें आपलें पहिलें सन्मानपदक १९१७ सालीं याच शोधासाठीं आर्मस्ट्राँगला दिलें होतें. निकालानंतर तो फिलाडेल्फियाच्या अधिवेशनांत तें परत करण्यासाठीं उभा राहिला. अध्यक्षांनीं पदक घेण्याचें नाकारलें, आणि सारी सभा उठून उभी राहिली व टाळ्यांचा गजर झाला.

ज्या वर्षांत हा पराभव पदरीं येत होता, त्याच वर्षांत त्याचें सर्वांत मोठें कार्य पुरें होत होतें. वैशाखांतली ती खरखर घालविण्याचा विचार त्यानें प्यूपिनच्या हाताखालीं असल्यापासून चालविला होता. नभोवाणींत त्या वेळीं लहरीची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवीत. आणि आकाशांतली वीजही लहरीच्या उंचीवरच आघात करते. शत्रू आणि मित्र एकाच वेषांत आल्यावर त्यांना वेगळें कसें करावयाचें? आर्मस्ट्राँगनें वेषच बदलला. उंची कायम ठेवावयाची आणि लहरीची कंपसंख्या आवाजाप्रमाणें कमी-जास्त करावयाची. मग ग्राहकयंत्रानें, माळी कुंपणाचे शेंडे छाटतो त्याप्रमाणें, उंचीचे चढउतार खुशाल छाटून टाकावे. खरखर छाटली जाते, गाणें शाबूत राहतें.

कल्पना अगदींच नवी नव्हती. परंतु १९२२ मध्येंच जॉन कार्सन या थोर गणितज्ञानें सिद्ध करून दाखविलें होतें कीं, या पद्धतीपासून लाभ नाहीं. कार्सनचें गणित बरोबरच होतें. त्यानें लहरीला अरुंद वाट दिली होती, एवढेंच. सारे जण वाट जितकी अरुंद तितकी खरखर कमी, असें धरून चालत. आर्मस्ट्राँगनें उलट केलें. नेहमींच्या केंद्राला दहा किलोसायकलची वाट पुरे. यानें तिच्या वीसपट रुंद वाट घेतली, आणि खरखर नाहींशी झाली. तज्ज्ञांनीं मिटविलेला प्रश्न पुन्हां उघडण्यास जो हट्ट लागतो, तोच हट्ट १९२२ मध्यें न्यायालयांत आडवा आला होता. मनुष्याला स्वभाव एकच मिळतो; प्रयोगशाळेसाठीं एक आणि कचेरीसाठीं दुसरा, अशी सोय नाहीं.

२६ डिसेंबर १९३३ रोजीं पेटंटें मिळालीं. जून १९३४ मध्यें न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावरून, सार्नॉफच्याच अनुमतीनें, सुमारें सत्तर मैलांवर ऑर्गनचें वादन पाठविण्यांत आलें, एकदां जुन्या पद्धतीनें, एकदां नव्या. तुलना करण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. ५ नोव्हेंबर १९३५ रोजीं अभियंत्यांच्या सभेंत त्यानें निबंध वाचला, आणि मग याँकर्सहून आलेले आवाज ऐकविले: पेल्यांत पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा. असले नाजूक आवाज नभोवाणीवर तोंपर्यंत कोणीं ऐकले नव्हते.

सार्नॉफला खरखर घालविणारी एखादी लहानशी जोडणी हवी होती. मित्रानें त्याच्यासमोर सारा कारखाना मोडून नव्यानें बांधण्याची योजना ठेवली. कंपनीचें भांडवल जुन्या केंद्रांत गुंतलेलें, आणि जें शिल्लक तें टेलिव्हिजनकडे वळलेलें. १९३५ मध्यें आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरील आपलें सामान हलविण्यास सांगण्यांत आलें. यांत सार्नॉफचा दुष्टपणा शोधण्याचें कारण नाहीं. व्यापाऱ्यानें व्यापाऱ्यासारखें वर्तन केलें. आर्मस्ट्राँगनें कंपनीचे भाग विकून स्वतःच्या पैशानें न्यू जर्सींत अल्पाइन येथें हडसनच्या कड्यावर चारशें फुटांहून उंच, तीन आडव्या भुजांचा मनोरा उभारला. त्याचें केंद्र १९३९ मध्यें पूर्ण शक्तीनें चालूं लागलें, आणि दुसरे कारखानदार परवाना घेऊन यंत्रें बनवूं लागले. १९४० मध्यें रेडिओ कॉर्पोरेशननें एकदांच दहा लाख डॉलर देऊन मोकळें होण्याची तयारी दाखविली. इतर कंपन्या विक्रीवर शेंकडा दोनप्रमाणें मोबदला देत असतां या एकीलाच सवलत कां, असें म्हणून त्यानें तीही नाकारली. दुसरें महायुद्ध सुरू होतांच मात्र आपलीं हींच पेटंटें त्यानें सैन्याला मोफत वापरूं दिलीं.

युद्ध संपतां संपतां मोठा आघात झाला. २७ जून १९४५ रोजीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें एफ्. एम्. ला ४२ ते ५० मेगासायकलच्या जागेवरून उठवून ८८ ते १०८ च्या पट्ट्यांत बसविलें. सूर्यावरील डागांमुळें जुन्या जागीं व्यत्यय येईल, असें कारण देण्यांत आलें. आर्मस्ट्राँगला तें मुळींच मान्य नव्हतें. लोकांनीं विकत घेतलेलीं लाखों ग्राहकयंत्रें आणि सारीं केंद्रें एका हुकुमासरशीं निकामी होण्याच्या वाटेला लागलीं. भारतांत १९७७ सालीं मद्रासला पहिलें एफ्. एम्. प्रसारण सुरू झालें, आणि आपण आज एफ्. एम्. वर जे आंकडे फिरवितों ते याच हुकुमांतले.

इकडे टेलिव्हिजनच्या प्रत्येक यंत्रांत आवाजासाठीं एफ्. एम्. च वापरलें जात होतें, आणि रेडिओ कॉर्पोरेशन मोबदला देत नव्हती. जुलै १९४८ मध्यें आर्मस्ट्राँगनें पांच पेटंटांवरून दावा लावला. कंपनीच्या वकिलांना घाई नव्हती. पेटंटांची मुदत १९५० मध्यें संपत होती आणि फिर्यादीचा पैसा वर्षांवर्षांनीं आटत होता. साक्षी, उलटतपासण्या, कागद. सार्नॉफनें शपथेवर सांगितलें कीं, एफ्. एम्. च्या वाढीसाठीं आपल्या कंपनीनें जितकें केलें तितकें कोणींच केलेलें नाहीं, आर्मस्ट्राँगनेंही नाहीं. समोर बसून मित्राच्या तोंडून तें ऐकावें लागलें. १९५३ च्या नोव्हेंबरांत पैशाच्या गोष्टीवरून घरांत भांडण झालें, त्यानें रागाच्या भरांत पत्नीवर हात टाकला, आणि तीस वर्षें सोबत राहिलेली मॅरियन बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्रीं त्यानें पत्नीला क्षमा मागणारें पत्र लिहिलें, टोपी, हातमोजे आणि कोट असा बाहेर जाण्याचा पोषाख चढविला, आणि तेराव्या मजल्यावरील आपल्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून देह टाकला. वय त्रेसष्ट.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रेडिओ कॉर्पोरेशननें मॅरियनशीं तडजोड केली. रक्कम दहा लाख डॉलरांहून थोडी अधिक होती. १९४० मध्यें नाकारलेली रक्कमही जवळजवळ तीच. मॅरियननें उरलेल्या कंपन्यांवरील दावे पुढें चालविले. नवऱ्याचा हट्ट तिच्या अंगीं नव्हता, पण धीर होता. एकामागून एक कंपनी तडजोडीला आली किंवा हरली. शेवटचा दावा मोटोरोला कंपनीवरचा, तो १९६७ मध्यें जिंकला गेला.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारती कोसळल्या आणि त्यांच्या माथ्यावरील प्रक्षेपकही गेले, तेव्हां त्या शहरांतील कांहीं टेलिव्हिजन-केंद्रांनीं आपलें प्रक्षेपण याच मनोऱ्यावरून पुन्हां सुरू केलें.